मका, मामा आणि आजची बातमी : पहिलीच्या वर्गात वाचन-लेखन शिकवताना

डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. तेथे पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे एकत्र असतात. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी वारली बोली बोलली जाते, घरात छापील कागद फारसा नसतो, आणि काही मुलांच्या कुटुंबात तर नियमित शाळेत येणारे ते पहिलेच माणूस असते. अशा मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना वर्गात काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, हे येथे सविस्तर लिहीत आहे. ‘कृतीतून शिक्षण’ असे आपण सगळेच म्हणतो. परंतु एखाद्या कृतीत मूल प्रत्यक्ष वाचते ते कोणत्या क्षणी, यावर आम्हा शिक्षकांमध्ये पुरेसे बोलणे होत नाही.

या परिसराला बालशिक्षणाचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले अंगणात असतील तर शिक्षण अंगणात न्यायचे आणि गुरांमागे कुरणात असतील तर तेथे जायचे, या विचारातून अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या राहिल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मी या कामाकडे आदराने पाहते, आणि माझ्या वर्गातील बरेचसे साहित्य आजही शाळेच्या आवारातूनच गोळा होते.

पहिले काही आठवडे मी अक्षर शिकवत नाही. मुलांना बोलते करणे आणि लिहिलेल्या खुणांना अर्थ असतो हे त्यांच्या अनुभवाला आणून देणे, एवढेच त्या दिवसांत करायचे असते. त्याची सुरुवात नावांच्या पट्ट्यांपासून होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत प्रत्येक मुलाचे नाव लिहून त्या पट्ट्या मी दाराजवळच्या खोक्यात ठेवते. वर्गात येताना प्रत्येकाने आपली पट्टी शोधायची आणि भिंतीवरील कापडी कप्प्यात खोचायची. सुरुवातीला मुले पट्टीच्या कोपऱ्यातील चित्रावरून ती ओळखतात. काही दिवसांनी मी चित्रे कापून टाकते, तेव्हा त्यांची नजर अक्षरांवर स्थिरावते. ज्यांच्या नावांचे पहिले अक्षर एकच आहे, त्यांच्या पट्ट्यांची हमखास अदलाबदल होते आणि मग वाद होतो. हा वाद मला फार मोलाचा वाटतो, कारण तो मिटवायला दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पुढची अक्षरे तपासावी लागतात. खोक्यात कोणाच्या पट्ट्या उरल्या ते वाचून कोण आले नाही हे सांगण्याचे काम पुढे मुलेच करू लागतात, आणि हजेरी हा वर्गाचा रोजचा वाचनपाठ होतो.

दुसरा रोजचा उपक्रम म्हणजे ‘आजची बातमी’. परिपाठ झाला की एक मूल पुढे येऊन काल घडलेली एखादी गोष्ट सांगते आणि मी ती फळ्यावर लिहिते. मूल ज्या शब्दांत बोलले त्याच शब्दांत लिहायचे, हा माझा नियम आहे. ‘काल ओहळात चिंबोरी गावली’ असे मूल म्हणाले, तर फळ्यावर चिंबोरीच येते. तिचा खेकडा मी करत नाही, आणि नागलीची नाचणीही करत नाही. प्रमाण भाषेतील शब्द पुस्तकातून आणि माझ्या बोलण्यातून मुलांपर्यंत पोहोचतातच, त्यासाठी घरचा शब्द पुसावा लागत नाही. लिहिताना मी प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारते, लिहून झाल्यावर शब्दाखाली बोट ठेवत वाक्य वाचते, आणि मग बातमी सांगणारे मूल तसेच बोट ठेवत ते वाचते. ते अजून अक्षरे ओळखत नसते, तरी लेखन डावीकडून उजवीकडे चालते, शब्दांमध्ये जागा असते आणि मी बोललो तेच येथे लिहिलेले आहे, या तिन्ही गोष्टी त्याला त्यातून कळतात. दुपारी तेच वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून शब्दांच्या ठिकाणी कापते आणि तुकडे मुलांपुढे मिसळून ठेवते. ‘चिंबोरी काल गावली ओहळात’ असे वाक्य तयार झाले की वर्गात चर्चा सुरू होते, आणि कोणता तुकडा कोठे हवा हे सांगण्यासाठी मुलांना तुकडे वाचावेच लागतात.

अक्षरे कोणत्या क्रमाने शिकवावीत, हा प्रश्न यानंतर येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी अ ते ज्ञ पाठ, मग ३४ व्यंजनांची बाराखडी, मग शब्द आणि शेवटी वाक्य हा जुना क्रम आजही अनेक ठिकाणी चालतो. बाराखडीची रूपेच ४०० हून अधिक होतात. त्यामुळे मूल कित्येक महिने अर्थ नसलेले आवाज घोकत राहते, आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही त्याला हे सारे कशासाठी चालले आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून मी अक्षरांचे छोटे गट करून घेतले. पहिल्या गटात क, न, म, ल, र ही पाच अक्षरे आणि काना असतो. एवढ्या सामग्रीत कान, नाक, मका, मामा, काका, रान, लाल, काम, मान, कमान, नाला हे शब्द तयार होतात. ‘मका लाल’, ‘मामाला काम’, ‘काकाला मका’ अशी दोन शब्दांची वाक्येही होतात. अक्षरशिक्षण सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच मुलाला संपूर्ण वाक्य वाचता येते. ‘मामाला काम’ हे कोणाच्याही मदतीशिवाय वाचून काढणाऱ्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला असेल, त्याला या क्रमाविषयी वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

काना पहिल्याच गटात घेण्यामागे कारण आहे. काना अक्षराच्या उजवीकडे येतो, म्हणजे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच राहतो. दुसऱ्या गटात त्याच कारणाने दुसरी वेलांटी घेते. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहिला जात असल्याने काकी, मामी, काठी, पाटी असे ओळखीचे शब्द तिच्यामुळे चटकन हाताशी येतात. वर जाणारी मात्रा आणि खाली येणारा उकार त्यानंतर. पहिली वेलांटी मात्र मी मुद्दाम शेवटाकडे ठेवते, कारण ती ऐकू येते व्यंजनानंतर आणि लिहिली जाते व्यंजनाच्या आधी. सहा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी उलटापालट आहे. दिसायला जवळची अक्षरेही मी एकमेकांपासून दूर ठेवते. घ शिकवून पक्का झाल्यावर पुष्कळ दिवसांनी ध येतो. म आणि भ, ब आणि व, प आणि ष यांचेही तसेच.

शब्दातील आवाज सुटे करणे हे वाचनाइतकेच लेखनासाठी आवश्यक असते, आणि त्यासाठी शब्द म्हणत टाळ्या वाजवण्याचा खेळ सर्वत्र घेतला जातो. मराठीत या खेळाची एक अडचण आहे. ‘मामा’ या शब्दाला दोन टाळ्या पडतात आणि अक्षरेही दोनच असतात. परंतु ‘कमळ’ म्हणताना मुले क-मळ अशा दोनच टाळ्या वाजवतात आणि अक्षरे तीन असतात, तर ‘नाक’ला एकच टाळी पडते आणि अक्षरे दोन असतात. मुलांचे कान बरोबर ऐकत असतात. आपण बोलताना शेवटच्या अक्षरातील अ उच्चारत नाही, एवढेच. म्हणून टाळ्या मी फक्त गंमत म्हणून शब्द म्हणण्यासाठी ठेवल्या आणि अक्षरांसाठी चिंचोके घेतले. प्रत्येक मुलापुढे मूठभर चिंचोके असतात. मी शब्द अगदी सावकाश, ओढून म्हणते, ‘नाऽऽक’, आणि प्रत्येक अक्षरासाठी मुले एकेक चिंचोका ओळीत मांडतात. मग पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवून ‘ना’ आणि दुसऱ्यावर ‘क’ म्हणायचे. आठवडाभराने चिंचोक्यांच्या जागी अक्षरकार्डे येतात. ज्या मुलांचे लेखन अडते त्यांच्यासोबत मी पुन्हा चिंचोक्यांवर येते, कारण बहुतेक वेळा अडचण अक्षराच्या आकाराची नसते, शब्दातील आवाज वेगळे न झाल्याची असते.

ह, व, ध, आ, ण ही अक्षरे झाली की ‘सूचनांच्या चिठ्ठ्या’ सुरू होतात, आणि मुलांना हा खेळ इतका आवडतो की दुसरीची मुलेही त्यात येऊन बसतात. चिठ्ठीवर ‘कान धर’, ‘मान हलव’, ‘पान आण’ अशी एखादी सूचना असते. मुलाने ती मनात वाचायची, कोणाला सांगायची नाही, आणि तसे करून दाखवायचे. चिठ्ठीत काय लिहिले असेल ते बाकीच्यांनी ओळखायचे आणि पाटीवर लिहायचे. शेवटी चिठ्ठी उघडून सगळ्यांच्या पाट्यांशी ताडून पाहायची. या एका खेळात मूकवाचन, आकलन आणि लेखन या तिन्ही गोष्टी घडतात. ‘कान धर’ हे शब्द ओठांत बरोबर पुटपुटूनही जे मूल हात खाली ठेवून उभे राहते, त्याला अक्षरे आली आहेत पण वाचन यायचे आहे, हे मला तेथल्या तेथे समजते. कोणत्याही चाचणीपेक्षा हा खेळ मला अधिक सांगतो.

येथे उपक्रमांविषयीचे माझे एक ठाम मत नोंदवते. अक्षरावर डाळी चिकटवणे, अक्षराचा मुखवटा करणे, रांगोळीत अक्षर भरणे अशा कृती दिसायला सुंदर असतात. त्यांनी मुलांच्या बोटांना वळण लागते हेही खरे, आणि त्यासाठी मीही मातीकाम आणि वाळूतले गिरवणे भरपूर करून घेते. परंतु ‘क’वर डाळ चिकटवण्यात पाऊण तास गेला, तर त्या पाऊण तासात मुलाने वाचन म्हणून फक्त एक अक्षर पाहिलेले असते. म्हणून प्रत्येक उपक्रमापूर्वी मी स्वतःला विचारते की यात प्रत्येक मूल किती शब्द वाचणार आहे आणि किती लिहिणार आहे. आवारात खडूने चौकोन आखून लंगडी घालायची असेल, तर चौकोनांत अक्षरांऐवजी शब्द लिहिते. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी ‘आज काय?’ या पाटीवर रोजचा पदार्थ लिहितात; वासावरून मुलांना तो आधीच कळलेला असला, तरी पाटी वाचल्याशिवाय रांग पुढे सरकत नाही.

लेखनाविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण पालकांच्या आणि कधी कधी तपासणीला येणाऱ्यांच्याही अपेक्षा येथे वेगळ्या असतात. वहीत एकाच अक्षराच्या ओळी भरलेल्या दिसल्या म्हणजे मूल लिहायला शिकले, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. वळणदार अक्षरासाठी गिरवणे हवे, त्याविषयी दुमत नाही. परंतु आपल्या मनातील काही सांगण्यासाठी कागदावर खूण करणे, हे लेखन आहे. माझ्या वर्गात त्याची सुरुवात चित्रातून होते. याच तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, आणि त्रिकोणांनी जोडलेली माणसे, झाडे, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा फेर या गोष्टी येथील मुलांच्या हातात शाळेपूर्वीच असतात. मूल चित्र काढते, मग मी शेजारी बसून विचारते, ‘हे काय चालले आहे?’ ते सांगते आणि मी चित्राखाली लिहिते. काही दिवसांनी मी म्हणते, ‘आता तू लिही.’ येत असलेल्या अक्षरांतून ते लिहिते. कोंबडीचे चित्र काढणाऱ्या एका मुलीने आधी ‘कबड’ लिहिले, नंतरच्या चित्रात ‘कबडी’, पुढे ‘कोबडी’ आणि दिवाळीनंतर ‘कोंबडी’. मी तिच्या शब्दावर लाल रेघ मारली नाही. प्रत्येक वेळी खाली पूर्ण शब्द लिहून ‘तू हे लिहिलेस, पुस्तकात असे लिहितात’ एवढेच म्हटले. या चार टप्प्यांकडे पाहिले की आधी व्यंजने, मग शेवटची वेलांटी, मग पहिल्या अक्षराचा काना-मात्रा आणि सर्वांत शेवटी अनुस्वार असा तिच्या शिकण्याचा क्रम स्पष्ट दिसतो. अनुस्वार सर्वांत उशिरा येतो, हे मला बहुतेक मुलांत आढळले आहे. पालकसभेत मी अशी चित्रे तारखांसह क्रमाने लावते. वही कोरी का, असे विचारणाऱ्या पालकांना आपल्या मुलाचे चार कागद शेजारी शेजारी दिसले की त्यांना काही समजावून सांगावे लागत नाही.

पुस्तके वर्गात दोरीवर टांगलेली असतात, कपाटात नाहीत. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर मी एक गोष्ट मोठ्याने वाचते, चित्र सगळ्यांना दाखवत, आणि पुढे काय होईल ते विचारत. तीच गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा हवी असते आणि मी ती पुन्हा वाचते, कारण पाठ झालेल्या गोष्टीचे पुस्तक हाती घेऊन पाने उलटत ‘वाचणारे’ मूल हळूहळू खरोखर शब्द ओळखू लागते. एकत्र वर्गाचा फायदाही येथेच होतो. दुसरीची मुले पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात, आणि लहान मुले मध्येच प्रश्न विचारतात म्हणून मोठ्यांना समजून वाचावे लागते.

दिवाळीनंतर वर्गाचे चित्र बदलते. भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे वसई, भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. नेमके याच काळात पहिलीचे मूल दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरगटात असते, आणि खंड पडला तर मागचेही पुसट होते. आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का, याचा प्रयत्न आम्ही दोघेही शिक्षक करतो. काही घरे तयार होतात, काहींना ते शक्य नसते. जाणाऱ्या मुलाबरोबर मी एक पिशवी देते. तिच्यात झालेल्या गटांची अक्षरकार्डे, त्याच्याच बातम्यांची शिवलेली छोटी पुस्तिका, एक गोष्टीचे पुस्तक आणि कोरे कागद असतात. वर्गातील मुले गेलेल्या सोबत्याला पत्र लिहितात आणि पाड्यावरचे कोणी भट्टीकडे निघाले की त्यांच्या हाती ते पाठवतात. पत्र एकाच वाक्याचे असते, ‘तू कधी येनार’, ‘आमी मका खाला’. शुद्धलेखन त्यात अपुरे असते, पण ज्याला लिहायचे त्यालाच ते लिहिलेले असते आणि वाचणाराही खरा असतो, त्यामुळे मुले यासाठी जितकी मेहनत घेतात तितकी कोणत्याही स्वाध्यायासाठी घेत नाहीत. पिशवीतील पुस्तिका वाचणारी मुले परतल्यावर लवकर रुळतात. ज्यांची पिशवी भट्टीवर उघडलीच गेली नाही, त्यांच्यासाठी पहिल्या गटापासून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि हे दुःख दरवर्षीचे आहे.

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचे केंद्र शासनाचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून मुलांच्या वाचनाच्या गतीची नोंद ठेवावी लागते. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, असे लक्ष्य आहे. प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकण्याची सवय या नोंदीमुळे लागली, हे चांगलेच झाले. परंतु मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द सहा अक्षरांचा होतो. सोप्या उताऱ्यातील पन्नास शब्द आणि अशा शब्दांनी भरलेल्या उताऱ्यातील पन्नास शब्द यांना एकच माप लावणे मला पटत नाही. म्हणून मी गतीबरोबर दोन गोष्टी लिहून ठेवते : मुलाने वाचलेले आपल्या शब्दांत सांगितले का, आणि चुकल्यावर ते स्वतः थांबून मागे आले का. ‘काकाला मका’ऐवजी ‘काकाला माका’ वाचून जे मूल क्षणभर थांबते आणि ‘मका’ म्हणते, ते अर्थाकडे लक्ष ठेवून वाचत आहे. त्याची गती कमी असली तरी मला त्याची काळजी वाटत नाही.

सध्या दुसरीच्या मुलांबरोबर जोडाक्षरांचे काम चालू आहे. यादी पुस्तकातून न घेता मुलांनी पाहिलेल्या शब्दांपासून केली आहे. ‘ट्रक’ सर्वांच्या माहितीचा, ‘महालक्ष्मी’ डहाणूच्या जत्रेमुळे आणि एसटीच्या पाटीमुळे ओळखीची, आणि बिस्किटाच्या पुड्यांवरचे व साबणाच्या वेष्टनांवरचे शब्द मुले दुकानातून घेऊन येतात. दंड काढून जोडली जाणारी अक्षरे, म्हणजे ‘रस्ता’, ‘पुस्तक’, ‘गोष्ट’ यांतील, आधी घेतली आहेत, कारण अर्धे अक्षर तेथे डोळ्यांना दिसते. त्यानंतर क्क, द्द यांसारखी जोड घेणार आहे. र मात्र अखेरीस ठेवला आहे, कारण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार रूपे दिसतात आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यासाठी चिंचोक्यांचाच खेळ पुन्हा काढला आहे. ‘सूर्य’ हळू म्हणून र ऐकू कोठे येतो आणि लिहिला कोठे जातो, हे मुलांनी दोन वेगळ्या ओळींत मांडून दाखवायचे आहे.